कार्बोरेटर बदलू नकोस, आधी बघ

सांगली, १४ एप्रिल

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, पद्मिनीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो आणि गॅरेजवाल्याने ‘कार्बोरेटर गेला, नवीनच टाका’ असं सांगितलं. त्याने एअर क्लीनर तरी काढून बघितला होता का, हे विचारायचं राहिलं. नवीन म्हणून बाजारात जे मिळतं ते नीट बसेलच असं नाही. आपला जुना सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर गाडीबरोबर १९८६ पासून आहे. तो मुळीच टाकून देऊ नकोस.

तुझे बाबा गाडी उघडायचे तेव्हा उजेडाची बॅटरी धरायला मी उभी असायची. वीस वर्षं बॅटरी धरली की माणसाला निम्मं काम येतं.

कुठून गळतंय हे तू शोधत बसशील, पण त्याआधी कधी गळतंय ते बघ. कार्बोरेटर बाहेरून फडक्याने कोरडा पूस, एअर क्लीनर काढ, गाडी चालू कर आणि बॅटरीच्या उजेडात तोंडातून आत बघ. इंजिन नुसतं आयडलिंगला असताना नळीतून पेट्रोल टपकत असेल, मागून काळा धूर येत असेल, तर गाडी ओव्हर मारतेय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून उतू जातंय. लगेच बंद कर. तापल्या इंजिनवर पेट्रोल सांडलेलं असताना पुन्हा सेल्फ मारायचा नाही. आणि हे सगळं उघड्यावर, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नको.

चालू असताना काही नाही, पण बंद केल्यावर दहा मिनिटांनी वास सुटतो? मग तो उन्हाळा आहे. इंजिनची धग वर चढते, फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळतं आणि उतू जातं. एप्रिल-मे संपला की आपोआप कमी होतं, त्यासाठी काही उघडू नकोस. सकाळी थंड गाडीखाली ओला डाग दिसत असेल, तर कार्बोरेटरच्या बुडाच्या प्लगांची वायसरं किंवा पेट्रोल पंपाच्या डायफ्रॅमची (आतल्या पडद्याची) कड बघ. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, टाकीतला जुना गाळही सुटून पुढे येतो.

तू सांगितलंस त्यावरून मला ओव्हरचाच संशय आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक आठव. पाणी वर आलं की गोळा उचलतो आणि नळ बंद होतो. इथे गोळ्याच्या जागी पितळी फ्लोट आणि नळाच्या जागी निडल व्हॉल्व्ह. निडलच्या टोकावर कचऱ्याचा कण बसला किंवा टोकाला खाच पडली की तो मिटतच नाही. वरचं झाकण काढलंस की निडल बोटाने वर दाबून धर आणि पेट्रोल येण्याच्या तोंडाला रबरी नळी लावून फुंक. हवा गेली तर व्हॉल्व्ह बदल. त्याखालचं वायसर मात्र जपून ठेव. त्याच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते, नवीन टाकायचं तर तेवढ्याच जाडीचं.

व्हॉल्व्ह चांगला निघाला तर फ्लोट कानाशी धरून हलव. आत डुचमळलं तर तो भोकाचा आहे. आमचं एकदा असंच झालं होतं, भोक मात्र डोळ्यांना दिसेना. मी तपेलीत पाणी कढवलं, गॅस बंद केला, तपेली अंगणात नेली आणि बाबांनी चिमट्याने फ्लोट पाण्यात बुडवला. जोडाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत वर आले. आतलं पेट्रोल तापून वाफ होतं आणि त्या भोकातूनच निघतं. म्हणून शेगडीजवळ हे करायचं नाही, आणि फ्लोट पूर्ण रिकामा झाल्याशिवाय त्याला सोल्डरचा डाग द्यायचा नाही. बाबांनी तो रिकामा करून डाग दिला, पण टिकली चांगली जाड झाली. फ्लोट जड झाला, खोल बसायला लागला, पेट्रोलची पातळी वर चढली आणि गाडी परत ओव्हर! दोन दिवस दोघेही निडललाच दोष देत बसलो होतो. शेवटी दुसरा फ्लोट आणला.

झाकणाचे स्क्रू आवळताना जोर लावू नकोस. एका मिस्त्रीने ते इतके पिळले होते की झाकणाची कड वाकली आणि नवीन पॅकिंग टाकूनही पेट्रोल झिरपत राहिलं. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळ. कड वाकलीय वाटली तर जाड काचेवर झाकण उपडं ठेव, फट लगेच दिसते.

ऑइलची डिपस्टिकही ओढून हुंग. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस. असा वास गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुटल्यामुळेही येतो, तेव्हा तोही बघायला लागेल.

पॅकिंगचं किट आणि बाबांचा पाना कुरिअरने पाठवलाय. पान्याला सुतळी बांधलेली आहे, ती सोडू नकोस. तो पाना हातातून निसटतो आणि इंजिनच्या खाली जाऊन बसतो, मग गाडीखाली झोपायला लागतं.

झाकण रविवारी सकाळी, इंजिन गार असताना उघड. आधी फोन कर, मी फोनवर थांबते.

तुझी,
आई