युद्ध संपल्यानंतरची वर्षे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेत की, मी करीत असलेला माहितीपट युद्धात जखमी झालेल्या जवानांवर आहे आणि त्यात युद्धाचे एकही दृश्य नाही, हे कसे? त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई, तुला यातले अर्धे आधीच ठाऊक आहे. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तू रात्री उठून तिची कूस बदलत होतीस आणि पाठीवरून हात फिरवून कोठे लाल झाले आहे का ते पाहत होतीस. कण्याला गोळी लागलेल्या माणसाचे आयुष्य याच कामावर उभे असते. इजेच्या खाली संवेदना उरत नाही, त्यामुळे एकाच जागी भार पडत राहिला तरी दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस हलत नाही, आणि रक्तपुरवठा तुटून तेथे जखम होते. मूत्राशय नीट रिकामे झाले नाही तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. पूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात याच कारणांनी दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा नियम घालून दिला आणि माणसे जगू लागली. त्यांनीच १९४८ मध्ये तेथे सोळा अपंग सैनिकांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा भरवल्या, आणि पॅरालिम्पिकचा उगम तेथे आहे. जवान मुरलीकांत पेटकरांचे १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधले पोहण्याचे सुवर्णपदक आता सर्वांना माहीत आहे, परंतु १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यापासून त्या पदकापर्यंतच्या सात वर्षांविषयी फारसे कोणी विचारत नाही. माझा विषय तशी सात वर्षे हा आहे, आणि ज्यांना कोणतेही पदक मिळाले नाही त्यांची सगळी वर्षे.

पुण्यात राहून हा विषय टाळणे मला तरी जमले नसते. महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र येथे निघाले. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. लोक त्या रस्त्यांवरून रोज जातात.

सध्या आम्ही दिघीला एका माजी सैनिकाच्या घरी चित्रीकरण करीत आहोत. कारगिलच्या वेळी सुरुंगावर पाऊल पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला म्हणजे प्रश्न मिटला असे आपल्याला वाटते, पण उरलेल्या पायाचा आकार वर्षानुवर्षे बदलत राहतो, दिवसभरातही कमीजास्त होतो, आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग, ढिले पडले की कातडी घासते. ते रोज सकाळी हातआरसा धरून स्टंपची, म्हणजे त्या उरलेल्या पायाची, खालची बाजू तपासतात, मग त्या दिवशी एक मोजा चढवायचा की दोन ते ठरवतात. एप्रिल-मे महिन्यांत घामाने कातडी मऊ पडते. एक फोड आला तरी आठवडाभर कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकून ठेवावा लागतो आणि त्यांची सुरक्षारक्षकाची नोकरी खाडे सोसते. रात्री, नसलेल्या पावलात पेटके येतात. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तेव्हा उठतात आणि कोणते बोट दुखते आहे ते विचारतात. कोणत्याही शौर्यकथेत न आलेले हे शुश्रूषेचे काम काकूंनी केले आहे, आणि म्हणून माहितीपट जितका त्या माजी सैनिकाचा आहे तितकाच काकूंचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

कॅमेरा कोठे ठेवायचा हा प्रश्न मला पटकथेहून मोठा वाटतो. खुर्चीवर किंवा पलंगावर बसलेल्या माणसाकडे उभ्याने पाहिले की तो लहान दिसतो, म्हणून आम्ही कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. मलमपट्टीच्या दृश्यावर संगीत घालायचे नाही, हेही ठरवले आहे. संमतीच्या कागदावर एकदा सही घेतली की काम झाले असे मी मानत नाही. दररोज विचारते, आणि ते नको म्हणाले की कॅमेरा बंद करते. महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांवर दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकी लष्करासाठीच केलेला माहितीपट लष्कराने रुग्णांच्या खासगीपणाचे कारण देऊन १९८० पर्यंत अडवून ठेवला होता. अशा वेदना लोकांपासून लपवणे मला पटत नाही, तरी रुग्णाचा खासगीपणा हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर लष्कराने किंवा दिग्दर्शकाने परस्पर न देता त्या माणसाने स्वतः द्यावे असे मला वाटते.

दिवाळीपर्यंत कच्चे संकलन होईल, तेव्हा तुम्ही दोघे पुण्याला या. बाबा, निवेदनाची भाषा तुम्ही तपासून द्या. आई, तू फक्त एवढेच पाहा की, कोणत्या ठिकाणी मी खोलीबाहेर जायला हवे होते. तू सांगशील ते दृश्य मी काकूंना पुन्हा दाखवून, त्यांना विचारूनच ठेवीन किंवा काढीन.

औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची,
धाकटी