समुद्रफुलांचे वर्गीकरण : तक्त्यासोबत पुरावाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात नुकत्याच झालेल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात समुद्रफुलाचे, म्हणजे सी ॲनिमोनचे, चित्र ‘सागरी वनस्पती’ या फलकावर लावलेले पाहून फार वाईट वाटले. शुंडकांवरील दंशपेशींनी भक्ष्य बधिर करून ते तोंडात ओढणारा हा प्राणी निडारिया संघातील ॲन्थोझोआ वर्गात मोडतो. दहावीच्या मुलांना संघाचे नाव पाठ असते. पण त्यामागचा पुरावा त्यांच्यासमोर क्वचितच येतो.

हा पुरावा समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या शहरातही दाखवता येतो. फॉर्मॅलिनमधील समुद्रफूल आडवे कापून भिंगाखाली धरले, तर शरीरभित्तीपासून मध्याकडे जाणारे मांसल पडदे जोडीजोडीने, बहुधा सहाच्या पटीत, मांडलेले दिसतात. प्रवाळांतही सहाच्या पटीची मांडणी आढळते. जेलीफिश मात्र याच संघातली असूनही तिचा वर्ग वेगळा, कारण समुद्रफुलाच्या जीवनचक्रात छत्रीसारखी पोहणारी अवस्था कधीच येत नाही.

स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ ऑस्कर कार्लग्रेन यांनी 1949 मध्ये स्नायू आणि दंशपेशींच्या आधारे समुद्रफुलांची जी मांडणी केली, ती पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. 2014 मध्ये एस्तेफानिया रोद्रिगेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएची तुलना केली, तेव्हा एखादा अवयव ‘नसणे’ ही खूण फसवी असल्याचे स्पष्ट झाले. कारण तोच अवयव निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे लोप पावलेला असू शकतो. (हा मुद्दा मला साऱ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.) त्यानंतर समुद्रफुलांच्या ॲक्टिनिॲरिया गणाचे दोनच उपगण उरले. पॅसिफिकच्या तळाशी राहणारी, 2006 मध्ये समुद्रफूल म्हणून नोंदवलेली, लांबलचक शुंडकांची एक जाती तर गणाबाहेर काढून तिला रेलिकॅन्थस हे नवे नाव द्यावे लागले, आणि तिच्या स्थानावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे.

आपल्या विज्ञान पुरवणीत प्राणी वर्गीकरणाचे तक्ते नेमाने येतात. त्यांच्याशेजारी समुद्रफुलाच्या आडव्या छेदाची एक स्वच्छ आकृती छापावी आणि कोणत्या खुणेवरून हा प्राणी कोणत्या गटात गेला हे चार ओळींत सांगावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
धंतोली, नागपूर