प्रयोगशाळेतील मार्गदर्शक मॅडमना खुले आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

परदेशातील माझे संशोधन आता प्रबंधलेखनापर्यंत आले आहे. त्यातील प्रत्येक आकड्यामागे आपण लावलेली शिस्त असल्याने, ऋणनिर्देशातील एका ओळीवर समाधान न मानता हे पत्र लिहीत आहे.

मी इथे आले तेव्हा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविषयी पुष्कळ वाचले होते. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिरोधामुळे जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाजही ठाऊक होता. मात्र एखादा जिवाणू एखाद्या औषधाला दाद देतो की नाही हे नेमके ठरवण्याचे कसब हाती नव्हते. ते शिकवणे आपल्या कामाचा भाग नसतानाही आपण मला मराठीतून, न कंटाळता शिकवलेत. जिवाणू वाढवण्याच्या म्युलर-हिंटन अगार या जेलीसारख्या माध्यमाचा थर ४ मिलिमीटरच का हवा, तो जाड झाला की औषध लावलेल्या कागदी डिस्कभोवतीचे, जिवाणू न वाढलेले वर्तुळ आकसून संवेदनशील जिवाणूही प्रतिरोधक कसा भासू शकतो, हे प्लेटवर मोजून दाखवलेत.

सर्वांत मोठे ऋण आहे ते कोलिस्टिनच्या चाचणीचे. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात असे हे औषध. त्याच्या प्रतिरोधाचा, प्लाझमिडवरून (जिवाणूतील डीएनएच्या छोट्या, सुट्या कड्यावरून) एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा एमसीआर-१ हा जनुक २०१५ मध्ये प्रकाशात आला, तेव्हापासून या चाचणीचे महत्त्व फारच वाढले. कोलिस्टिनचा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कभोवतीच्या वर्तुळावर विसंबता येत नाही, हे आपण सांगितलेत. आणि तेवढ्यावर न थांबता ब्रॉथ मायक्रोडायल्युशनची, म्हणजे औषधाच्या चढत्या मात्रांच्या द्रवात जिवाणू वाढतो का हे पाहण्याच्या पद्धतीची, ९६ कप्प्यांची प्लेट माझ्या शेजारी बसून वाचलीत. प्लेट उजेडासमोर तिरपी धरून कप्प्याच्या तळाशी बसलेला, जिवाणू वाढल्याची खूण असलेला पांढुरका ठिपका ओळखायला मी तेव्हा शिकले. चाचणी पडताळण्यासाठी सोबत लावलेल्या नियंत्रण-जिवाणूचा निकाल ठरलेल्या मर्यादेत आल्याखेरीज बाकीचे आकडे आपण वहीत उतरवू दिले नाहीत. हा आग्रह मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण प्रतिरोधक जिवाणूवर ‘संवेदनशील’ असा शेरा बसला, तर अत्यवस्थ रुग्णाला निरुपयोगी औषध दिले जाऊ शकते.

आपण लिहून दिलेली कार्यपद्धती, आपली अनुमती असल्यास, आपल्या नावानिशी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडण्याची माझी इच्छा आहे. कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी