पेढे नाहीत, पत्र आहे

आदरणीय ताई,

आहाराचा सल्ला देणाऱ्या तुमच्या खोलीतून बाहेर पडताना सगळ्याजणी म्हणतात तेच मीही म्हणाले होते, "आता येते ती पेढे घेऊनच." तुम्ही नुसत्या हसलात. त्याला सव्वा वर्ष झालं. दिवस गेल्याची बातमी अजून नाही. तरी हे पत्र लिहितेय, तेही चारचौघांनी वाचावं असं उघड. पेढे आले तरच आभार मानायचे, हे मला पटत नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा हिमोग्लोबिन ९.४, वजन ७४ किलो, आणि पीसीओडीमुळे, म्हणजे बीजांडकोशाच्या तक्रारीमुळे, पाळी दोन-दोन महिने गायब. पिशवीत एका दवाखान्यानं गळ्यात मारलेला १,८०० रुपयांचा पावडरचा डबा. तुम्ही तो हातातही घेतला नाहीत. विचारलंत काय, तर "आमटी स्वतःला वाढून घेताना पळी वरून घालता की तळातून?"

मला आधी कळेचना. मग डोळ्यांसमोर पातेलं आलं. तळातली डाळ सासऱ्यांना, ह्यांना, दिरांना जाते. माझ्या वाटीत येतं ते हळदीचं पाणी. आठ वर्षं संसार केला, पण हे मला माझ्या आईनंही कधी विचारलं नव्हतं.

ना महागडी फळं, ना परदेशी बिया. कडक भाकरी न् शेंगाचटणी हे आमचं सोलापूरचं जेवण, ते राहू दे म्हणालात. त्याच्या जोडीला रोज वाटीभर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ आणि वर लिंबू, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा नको, तासभर तरी जाऊ द्या, कारण चहा ते लोह शोषू देत नाही. मेथी आधी धुवा, मग चिरा. (मी चिरून तीन पाण्यांतून काढायचे. स्वच्छतेचा केवढा अभिमान, आणि जीवनसत्त्वं मोरीत!) उपास सोडा असं म्हणाला नाहीत. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दाण्याची आमटी सुचवलीत. वर सासूबाईंसाठी उत्तरही तयार करून दिलंत, "राजगिराही उपासाचाच की!"

फोलिक ॲसिडची गोळी दिवस गेल्यावर घेईन म्हणाले, तेव्हा तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. तो केसपेपर अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

आणि मग म्हणालात, "बाहेर कोण बसलंय? त्यांना बोलवा आत." आतापर्यंतचा प्रत्येक रिपोर्ट माझ्या नावाचा होता. हे बाकावर मोबाइल बघत बसायचे. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, आज तंबाखूचा मावा सोडलात तर फरक तेव्हा कुठे दिसेल, हे तुम्ही त्यांना सुनावलंत. ओरडला मात्र नाहीत. सुटला का मावा? बराचसा. चुलतभावाच्या लग्नात दोनदा पाय घसरला, तेही यांनी स्वतःहूनच सांगितलं. आमच्या घरात हे नवीनच.

पण मला सगळ्यात जास्त आधार दिला तो तुमच्या एका कोरड्या वाक्यानं. "गर्भाशयाची नळी बंद असेल तर मटकी ती उघडत नाही," असं म्हणून तुम्हीच आम्हाला पुढच्या तपासण्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवलंत. तोवर जो तो मला काही ना काही खायला सांगत होता, अन् मूल होत नाही म्हणजे ही नीट खात नसणार, असाच त्याचा अर्थ निघायचा. तुम्ही खाण्याचं खाण्यापुरतं ठेवलंत.

आता हिमोग्लोबिन १२.२ आहे, वजन ६९. पाळी ३२ ते ३५ दिवसांनी येते. जिना चढताना धाप लागत नाही.

पुढच्या मंगळवारी यांचा नवा रिपोर्ट घेऊन येतेय. सोबत खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी आणते, ती नको म्हणू नका. आणि हो, हल्ली मी वाढायला बसले की सासूबाई आतून ओरडतात, "अगं, आधी ढवळून घे!"

तुमची,
सोलापूरची एक पेशंट