ढोलवाल्यांचा खर्च

लागोस,
१८ जानेवारी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुलाच लिहितो आहे, कारण या विषयावर माझ्याशी नीट भांडू शकेल असा माणूस इथे एकही नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस आणि या वेळी मला काही लांबलचक वाक्ये पुरी करायची आहेत. प्रकृती ठीक आहे. मलेरिया एकदा येऊन गेला, साखर आटोक्यात आहे, पुढे.

गोष्ट अशी की नायजेरियातल्याच इबादान शहरातल्या काही मंडळींनी इथल्या योरुबा भाषेत एक नवे संगीत नाटक बसवायला घेतले आहे आणि हिशेब ठेवणारा विश्वासू मनुष्य म्हणून मला त्यात ओढले आहे. (हसू नकोस. कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशेब जुळला नव्हता तो शऱ्यामुळे, माझ्यामुळे नव्हे.) परवा दिग्दर्शकाने अंदाजपत्रक पाठवले. त्यात प्रकाशयोजना, कपडेपट, गाडीभाडे, जनरेटरचे डिझेल अशी सगळी कलमे होती. पण सर्वांत मोठी रक्कम पाच ढोलवाल्यांची होती, कारण तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत ते पाचही जण रोज लागणार. त्या रकमेपुढे त्याने पेन्सिलीने एकच शब्द लिहून प्रश्नचिन्ह टाकले होते: ‘ट्रॅक?’ म्हणजे ढोलवाल्यांऐवजी ध्वनिमुद्रण वाजवायचे का? हा शब्द वाचून मला प्रथम कोणाचा चेहरा आठवला असेल, हे तुला सांगायला नको. सौभद्राच्या वेळी मी टेपरेकॉर्डर आणला म्हणून तू सभागृहाच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसला होतास आणि शेवटी अण्णांना तुला उचलून आत आणावे लागले होते. माझे तेव्हाचे म्हणणे आजही कायम आहे. आपल्याकडे पैसे नव्हते, ऑर्गन भाड्याने मिळत नव्हता आणि नानांची बोटे संध्याकाळी सातनंतर कोणत्या अवस्थेत असत हे तुलाही ठाऊक होते. परंतु इथला प्रश्न तसा नाही आणि तो का तसा नाही हे मला कागदावर मांडून पाहायचे आहे.

मागे तुला ह्यूबर्ट ओगुंडेविषयी लिहिले होते, त्याचा पुढचा भाग तेव्हा राहिला. हा गृहस्थ आधी शाळामास्तर, मग पोलिसात. १९४४ साली त्याने लागोसच्या ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये एका चर्चसाठी बायबलमधल्या कथेवर गाण्यांचे नाटक केले आणि पुढच्याच वर्षी नोकरी सोडून स्वतःची धंदेवाईक मंडळी काढली. नाटकाआधी सगळा संच रंगमंचावर येऊन गात-नाचत असे. त्याला ते ‘ओपनिंग ग्ली’ म्हणत. नांदी म्हण, दुसरे काही नाही. इंग्रजांचे राज्य असताना त्याने संपावर आणि खाणकामगारांवर झालेल्या गोळीबारावर नाटके केली. स्वातंत्र्यानंतर आपल्याच लोकांच्या राजकारणावर केले, तेव्हा १९६४ साली पश्चिम प्रांताच्या सरकारने त्याच्या मंडळीवर बंदी घातली आणि ती १९६६ साली लष्करी राजवटीने उठवली. कंपनीतल्या नट्या टिकेनात, कारण लग्न झाले की नवरा नाटक सोडायला लावी. त्यावर ओगुंडेने उपाय असा काढला की त्याने त्यांच्याशी स्वतःच लग्न केले. एक नव्हे, दोन नव्हे, डझनावर. तू हे वहिनींना वाचून दाखवशील तर हे वाक्य गाळ. पण हिशेबनीस म्हणून माझे लक्ष दुसरीकडे जाते. बायका नट्या, मुले नट, गाडी घरची, स्वयंपाक एक. त्या कंपनीचा पगारखर्च असा घरातच जिरत होता, म्हणून ती गावोगाव फिरू शकली. आज योरुबा संगीत नाटक पुन्हा उभे करायचे म्हणणारे ओगुंडेच्या गाण्यांविषयी भरभरून बोलतात, त्याच्या वेतनपत्रकाविषयी कोणी बोलत नाही.

दुसरा होता ओशोग्बोचा डुरो लाडिपो. तो तुला जास्त आवडला असता. त्याने चर्चमध्ये ईस्टरच्या संगीतात योरुबा ढोल वाजवले म्हणून धर्मगुरू संतापले आणि तो ढोलांसकट बाहेर पडला. १९६२ साली त्याने ओशोग्बोत ‘म्बारी म्बायो’ नावाचे कलाकेंद्र सुरू केले आणि पुढच्या वर्षी ‘ओबा कोसो’ केले. शांगो नावाच्या राजाची ती कथा आहे. त्याचे दोन सेनापती डोईजड होतात, तो त्यांना आपसात झुंजवतो, डाव त्याच्यावरच उलटतो, प्रजा पाठ फिरवते आणि तो गळफास घेतो. पण भक्त म्हणतात की राजा मेला नाही, तो मेघगर्जनेचा देव झाला. १९६४ साली हे नाटक बर्लिनच्या महोत्सवात गेले, तेही भाषांतर न करता.

आता ढोलांविषयी, कारण सगळे घोडे तिथेच अडले आहे. योरुबा भाषेत स्वराला अर्थ आहे. उंच, मध्यम आणि खालचा असे तीन स्वर, आणि त्यांची चढउतार बदलली की शब्दच बदलतो. डुंडुन नावाचा कमरेत बारीक असलेला ढोल काखेत दाबून त्याच्या दोऱ्या आवळल्या की त्यातून ही चढउतार निघते आणि ऐकणाऱ्यांना वाक्य कळते. बाता हा शांगोचा स्वतःचा ढोल; तो डुंडुनपेक्षा तुटक बोलतो, पण बोलतो. म्हणजे आपल्या तबलजीसारखी ही साथ नव्हे, हे नाटकातले एक पात्र आहे, ज्याला संवाद आहेत. गेल्या महिन्यातल्या तालमीत राजाचे काम करणारा नट एका ओळीवर अडला. हा सिनेमातला नावाजलेला नट, सकाळी कुठेतरी चित्रीकरण उरकून आलेला. तो थांबला, तशी म्हाताऱ्या ढोलवाल्याने बातावर पाच-सहा ठोके दिले आणि सगळी तालीम हसत सुटली. शेजारच्या मुलीने मला अर्थ सांगितला: ढोल म्हणाला होता की राजे, जेवण झाले असेल तर राज्य करावे. नटही हसला, त्याला ओळ आठवली आणि तिथून पुढचा प्रवेश त्याने असा म्हटला की त्याआधी तो तसा एकदाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने मला मोबाइलवर त्याच प्रवेशाचा ध्वनिमुद्रित ट्रॅक ऐकवला. स्वच्छ, सुरेल, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. त्याचे म्हणणे मूर्खपणाचे नाही, ते तुला न्यायाने सांगतो. त्याचे सगळे प्रमुख नट चित्रपटांत काम करतात आणि त्यांना एकत्र तालमीला बसवणे म्हणजे बेडूक तराजूत तोलणे आहे. ट्रॅक असला तर ज्याने त्याने आपापल्या घरी, गाडीत, सेटवर सराव करावा. जाहिरातदाराला नाटक किती मिनिटांचे हे आधी हवे असते. आणि पाच ढोलवाल्यांचे पैसे वाचले तर आणखी दोन गावी प्रयोग करता येतील. मी त्याला एवढेच म्हटले की वीज गेली की ट्रॅक गेला, बाता जात नाही. यावर तो मनापासून हसला, कारण वीज आली की या देशात आजही गल्लीतली पोरे ‘अप नेपा’ म्हणून ओरडतात (नेपा म्हणजे इथले जुने वीजमंडळ). पण हसणे म्हणजे अंदाजपत्रक नव्हे.

तू म्हणशील, सिनेमाने नाटक मारले, आपल्याकडे बोलपटाने मारले तसेच. मी ते आता तितक्या सहज म्हणत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ओगुंडे स्वतःच आपला संच घेऊन सिनेमात उतरला, बाबा साला या नावाने गाजलेला विनोदी नट मोझेस ओलैया उतरला, आणि त्यांच्या मागून इतर मंडळ्याही गेल्या. ओलैयाच्या पहिल्या चित्रपटाच्या चोरट्या प्रती बाजारात आल्या आणि तो कर्जात बुडाला. पुढे तेलाचे भाव पडले, १९८६नंतर नायरा हे इथले चलन घसरले, गाडीचे सुटे भाग आणि फिल्मची रिळे परवडेनात, रात्रीचे रस्ते दरोडेखोरांच्या ताब्यात गेले आणि लोक संध्याकाळी दार लावून घरात व्हिडिओ पाहू लागले. १९९२ साली इग्बो भाषेतला ‘लिव्हिंग इन बाँडेज’ थेट कॅसेटवर विकला गेला आणि आज जग ज्याला नॉलिवूड म्हणते त्याचा बाजार उघडला. पण योरुबा चित्रपटांतली पहिली पिढी ही या फिरत्या मंडळ्यांचीच होती. नट तेच, कथा त्याच, भांडणेही तीच. नाटक मेले नाही, ते सिनेमात राहायला गेले आणि जाताना ढोल तेवढा दाराबाहेर ठेवून गेले, कारण कॅमेऱ्यापुढे गाणे लांबले की खर्च वाढतो.

पुनरुज्जीवन चालू आहे, ते मी नाकारत नाही. लागोसला बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स या मूळच्या वकील असलेल्या बाईंनी २००३ साली ‘टेरा कल्चर’ काढले, २०१३ साली ‘सारो’ हे मोठे संगीत नाटक केले, त्यांचे ‘वाका’ २०१६ साली लंडनला गेले आणि २०१७ साली त्यांनी व्हिक्टोरिया आयलंडवर स्वतःचे सुमारे चारशे खुर्च्यांचे नाट्यगृह बांधले. सरकारी राष्ट्रीय नाट्यगृह १९७७च्या आफ्रिकी कलामहोत्सवासाठी बल्गेरियन कंपनीकडून बांधून घेतलेले, बाहेरून लष्करी टोपीसारखे दिसणारे. तिथे मुख्य सभागृहच पाच हजारांचे, आणि ते कित्येक वर्षे गळत पडले होते. बँकांच्या पैशाने दुरुस्त होऊन, नोबेलविजेते नाटककार वोले शोयिंका यांचे नाव घेऊन ते २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले. (याच शोयिंकांनी १९७७ साली ब्रेख्तचे तीन पैशांचे नाटक नायजेरियात आणले होते, आणि पुढच्याच वर्षी पुलंनी ते आपल्याकडे आणले. ‘तीन पैशाचा तमाशा’च्या त्या प्रयोगावरून आपण किती रात्री वाद घातला, आठवते? जयरामच्या चहावाल्याने शेवटी उधारी बंद केली.)

मी लागोसचे प्रयोग पाहतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी येताना अस्वस्थ असतो. तिथे उत्तम गातात, उत्तम नाचतात. पण ते नाटक डिसेंबरात परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांचे, बँकेच्या फलकाखाली बसणाऱ्यांचे आहे. लाडिपोचा प्रेक्षक कोकोच्या बागेतला शेतकरी आणि बाजारात बसणारी बाई होती. तिला ढोलाची भाषा येत होती आणि ढोलाने तिच्या घराण्याचे नाव घेतले की ती उठून नट-वादकांच्या कपाळावर नोटा चिकटवत असे, अगदी आपली दौलतजादा. आता नोटा अशा उधळणे इथे कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी खटले भरले गेले आहेत, त्यामुळे तेही उत्पन्न गेले म्हण. तरी माझा मुद्दा असा आहे की जे मेले ते सभागृहाचे नाटक नव्हतेच, ते रस्त्याचे होते. आणि सभागृहात जे उभे राहते आहे ते चांगले असेल, पण ते दुसरे आहे. ट्रॅक त्या दुसऱ्या नाटकाला शोभेल. इबादानच्या या नाटकाला शोभणार नाही, कारण ट्रॅकला समोरच्या बाईच्या घराण्याचे नाव ठाऊक नसते आणि अडलेल्या राजाची त्याला थट्टा करता येत नाही.

म्हणून मी दिग्दर्शकाला उलट अंदाजपत्रक देण्याच्या विचारात आहे. ढोलवाले पाचही राहू द्यावेत. प्रकाशयोजना जवळजवळ काढावी. नावाजलेल्या नटांऐवजी दोन नवी मुले घ्यावीत, ज्यांना रोज तालमीला येता येईल. आणि लागोसचा प्रयोग सोडून ओशोग्बो, ओयो, इलेशा अशा गावांत शाळांच्या सभागृहांत दिवसाउजेडी खेळ लावावेत. भीती एवढीच आहे की नावाजलेला नट गेला की जाहिरातदार जाईल, आणि जाहिरातदार गेला की ढोलवाल्यांचे पैसे कोठून आणायचे हा प्रश्न फिरून माझ्याच वहीत येईल. म्हाताऱ्या ढोलवाल्याला मी हे विचारले. तो म्हणाला, पैसे तालमीचे देऊ नका, प्रयोगाचे द्या, पण जेवण रोज द्या. दिग्दर्शकाला हे मान्य नाही. त्याच्या मते हे त्या माणसाचे शोषण होईल, आणि तो म्हणतो त्यात तथ्य आहे. ओगुंडेच्या बायकांना तरी कोणी विचारले होते?

तुझ्याकडचे काही विचारायचे राहूनच जाते. मनवाच्या प्रवेशाचे काय झाले? इमारतीच्या पुनर्विकासाला सही केलीस की अजून सोसायटीत एकटाच विरोधी पक्ष आहेस? ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली असे शऱ्याने कळवले, बरे वाटले. वहिनींना नमस्कार.

आता काम. तू ज्या संगीत नाटकाच्या दौऱ्याची व्यवस्था पाहतोस, त्यात ऑर्गनवाला आणि तबलजी यांना नाइट किती देता, तालमींचे वेगळे देता की नाही, प्रयोग रद्द झाला तर अर्धी देता की काहीच नाही, आणि दौऱ्यावर जेवणखाण कोणाकडे, हे सगळे आकड्यांत लिहून पाठव. मतप्रदर्शन नको, ते मला पाठ आहे. दिग्दर्शकाशी पुढच्या रविवारी बसायचे आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत मिळाले तर उपयोग.

तुझा,
सुधाकर