बाबा, टोकन शनिवारपर्यंत थांबवा

पर्वरी, १७ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही "गाडी मला चालवायची आहे" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर मी घाईघाईने बोलते, तुम्ही चिडता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. एवढीच विनंती की शोरूममध्ये नव्या डिझेल गाडीचं टोकन भरण्याआधी हे सगळं वाचा.

आईने शोरूमच्या कोटेशनचा आणि तुमच्या डायरीच्या पानांचा फोटो पाठवला होता. तुम्ही २०१३ पासून प्रत्येक वेळचं डिझेल, लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, म्हणून मला अंदाजाने काही बोलावं लागत नाही. गेल्या बारा महिन्यांत आपली गाडी ५१०० किलोमीटर चालली. त्यात बेळगावच्या दोन फेऱ्या आणि अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरची एक. महिन्यातून एकदा बांबोळीला गोमेकॉ हॉस्पिटलात आईची तपासणी. हे सगळं वजा केलं तर उरतात साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे दिवसाला जेमतेम दहा. साखळीच्या बाजारात, दत्तवाडीला, डिचोलीच्या बँकेत, आणि परत घरी.

आता कोटेशन. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलमध्ये सव्वा लाखाचा फरक आहे. हिशेबासाठी मी पेट्रोल ९७ रुपये आणि डिझेल ८९ रुपये धरलं. डिझेल गाडी लिटरला १७ देईल आणि पेट्रोल १३, असं धरू. वाडा, बाजार आणि चढउतार बघता याहून जास्त धरणं बरोबर नाही. वर्षाला डिझेलचे होतात २६,७०० आणि पेट्रोलचे ३८,००० च्या आसपास. वाचले अकरा हजार तीनशे. सव्वा लाख वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील, आणि तेही डिझेलची सर्व्हिसिंग पेट्रोलएवढ्याच खर्चात होते असं मानलं तर. ती तशी होत नाही. इंजिन ऑइल जास्त लागतं, तेही वेगळ्या दर्जाचं आणि महाग, शिवाय डिझेल फिल्टर आणि मोठी बॅटरी.

२०१३ साली तुम्ही डिझेल घेतलीत तेव्हा तुमचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, हे मला आधीच लिहायला हवं होतं. आदल्या वर्षी पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला होता, लिटरमागे अकरा रुपये उतरले होते आणि सगळा गोवा पेट्रोल गाडीच घ्या म्हणत होता. भाऊकाकांनीही तुम्हाला तेच सांगितलं होतं. पण तुमचं रोज पणजीला जाणं-येणं, आजीसाठी दर पंधरवड्याला चोर्ला घाटातून बेळगाव, वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज. त्या धावपळीत डिझेलने आपला जादा खर्च तीनेक वर्षांत फेडला. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले, दोन्हींतलं अंतर कमी होत गेलं, तरी तुमचा हिशेब तोट्यात गेला नाही. तुमचं गणित चुकत नव्हतंच. पण आता त्या गणितातला किलोमीटरचा आकडा बदललाय.

पैशाचं एवढं पुरे. मला खरी काळजी आहे ती गाडी बंद पडण्याची, आणि ते मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. हा अनुभव तुम्हाला मी पूर्ण सांगितलेला नाही, कारण २०२१ मध्ये माझी डिझेल गाडी घेताना मी तुमचाच सल्ला घेतला होता आणि तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.

बीएस-सिक्स हा धुराबाबतचा नवा नियम लागू झाला १ एप्रिल २०२० पासून. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. धुरातली काजळी तो अडवून धरतो, आणि साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखा वेग हवा. माझं रोजचं जाणं पर्वरी ते पाटो, पाच-सहा किलोमीटर, त्यात उड्डाणपुलाच्या कामामुळे अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्ये. इंजिन तापायच्या आत ऑफिस येतं.

गेल्या डिसेंबरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, हायवेवर नेऊन पळवा. रविवारी पहाटे मी आणि संदेश म्हापशावरून कोलवाळ, धारगळ करत थेट पत्रादेवीपर्यंत गेलो. चौथा गिअर, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारावर, मध्ये कुठे थांबायचं नाही. मालपेच्या पुढे दिवा विझला आणि आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. फेब्रुवारीत तो पुन्हा लागला आणि या वेळी पत्रादेवीला जाऊनही विझला नाही. घरी आल्यावर मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं! बोटावर घेतलं तर पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, जाळणं अर्ध्यावर तुटलं की ते खाली तेलात उतरतं, आणि अशा पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगची झीज. वर्कशॉपमध्ये मशीन लावून फिल्टर साफ केला, सेन्सर बदलला, तेल बदललं. चार दिवस आणि सतरा हजार रुपये. फिल्टरच बदलायचा म्हटला असता तर खर्च याच्या कितीतरी पट होता. वर "मॅडम, गाडी वापरायची पद्धत चुकते तुमची" हे ऐकावं लागलं. मला ही गाडी विकताना कोणी विचारलं नव्हतं की तुम्ही रोज किती चालवता.

तुम्हालाही कोणी विचारलेलं नाही, बाबा. आणि तुमचा रोजचा प्रवास माझ्यापेक्षाही थोडा आहे. महिन्यातून एकदा बांबोळीला जाल तेव्हा फिल्टर साफ होईल म्हणाल, पण मधले तीस दिवस काजळी साठतच राहणार. तो दिवा आईला घेऊन गोमेकॉला निघालेल्या सकाळी लागला तर? गाडी बळ कमी करते, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही. चढावर मागे कदंब बस हॉर्न देते आणि आपण दुसऱ्या गिअरमध्ये. मी हे मांडवी पुलाच्या चढावर अनुभवलंय. तुमच्या वाट्याला ते यावं असं मला अजिबात वाटत नाही.

शिवाय नव्या बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपू देऊन चालत नाही. संपलं की इंजिन एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. तुम्ही ते लक्षात ठेवाल याची मला खात्री आहे. पण उद्या ताप आला म्हणून तुम्ही अंथरुणावर असाल आणि शेजारचा कुणी गाडी काढेल, त्याला हे कोण सांगणार?

जुन्या गाडीत यातलं काहीच नाही. ते फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन, टायमिंग बेल्टच्या जागी चेन, काजळीचा फिल्टर नाही, युरिया नाही. १ लाख ३८ हजार किलोमीटर होऊनही सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होतं. त्यात तुमचा हात मोठा आहे. चोर्ला चढून वर आलं की चहाच्या टपरीसमोर गाडी लावायची आणि किल्ली लगेच फिरवायची नाही. "टर्बोला श्वास घेऊ दे" म्हणत तुम्ही अर्धा मिनिट तसेच बसायचात, आणि मी मागे अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसतंय का ते बघत असायची. मी अजून घाटातून आल्यावर तसंच करते. टाकी कधी तळाला जाऊ द्यायची नाही, पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं, हेही तुमचंच. वाळवंटी नदीचं पाणी बाजारात चढलं त्या वर्षी गाडी पाण्यात बंद पडली तेव्हा तुम्ही स्टार्टर मारला नाहीत, ढकलत वर आणलीत. पाणी दाबलं जात नाही, डिझेलचा दाब जास्त, एक किल्ली फिरवली असती तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. म्हणून ते इंजिन आज जिवंत आहे.

दामूबाब मेकॅनिकशी मी परवा बोलले. तो म्हणतो इंजिनाला काही झालेलं नाही. पुढचे शॉकॲब्जॉर्बर आणि बुश, चार टायर (झिजले नसले तरी सहा वर्षांचे झालेत), खालचा गंज खरवडून कोटिंग, आणि चेनचा आवाज एकदा नीट ऐकणं. चाळीस-पंचेचाळीस हजार. पुढे टर्बो किंवा इंजेक्टर गेला तर त्याचा वेगळा खर्च पाच आकडी होईल, हे तो लपवत नाही आणि मीही लपवत नाही. २०२८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस आणि फेरनोंदणी, त्याची फी २०२२ पासून ५००० रुपये झालीय. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीची बातमी तुम्ही वाचलीत ती दिल्ली आणि आसपासच्या भागाची. आपल्या गोव्यात तशी बंदी नाही. त्या भीतीने गाडी एक लाख साठ हजाराला एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

आता आई, तुझ्याबद्दल. या सगळ्यात तुला कोणी विचारलंच नाही, मीही नाही. चवथीला मी बघितलं. डिचोलीहून गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन आलो, तू उतरताना एका हाताने दाराची चौकट धरलीस, दुसरा हात सीटवर टेकलास आणि तीनदा प्रयत्न करून उठलीस. मांडीवर कवंडळांच्या फळांची पिशवी होती, ती आधी बाबांच्या हातात दिलीस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपली खालच्या सीटची गाडी तुला त्रासाची आहे. नवी उंच गाडी घ्यायचं बाबांच्या मनात आलं ते तुझ्यासाठीच, हे मला ठाऊक आहे, त्यांनी ते बोलून दाखवलं नाही तरी.

म्हणून बाबा, नवी गाडी नकोच असं माझं म्हणणं नाही. घ्यायची तर उंच सीटची घ्या, पण पेट्रोल घ्या आणि ऑटोमॅटिक घ्या. तुमचा डावा गुडघाही क्लच दाबून संध्याकाळी दुखतो. आईने सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. २२ सप्टेंबरपासून जीएसटी १८ टक्क्यांवर आला तो फक्त छोट्या डिझेल गाड्यांवर नाही, चार मीटरच्या आतल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीलाही तोच आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं तुम्ही म्हणालात, त्यात तथ्य आहे, ॲव्हरेज थोडं कमी येतं. पण आता मिळणाऱ्या पेट्रोल गाड्या वीस टक्के इथेनॉल धरूनच बनवलेल्या आहेत, आणि मी वर लिटरला १३ धरलेत ते म्हणूनच. सव्वा लाख वाचतील त्यात ऑटोमॅटिकचा जादा खर्च निघतो.

माझं मत विचाराल तर आत्ता पंचेचाळीस हजार खर्चून जुनी गाडी ठेवा आणि आईला गोमेकॉला न्यायला दर महिन्याला मी येते, माझी सीट उंच आहे. त्या निमित्ताने माझ्या गाडीलाही महिन्यातून एकदा लांबची धाव मिळेल. पण आईला रोजच उतरायला त्रास होत असेल तर थांबू नका, पेट्रोल बघा. हे आईनेच ठरवायला हवं, आणि ते शोरूममध्ये बसून, उठून ठरवायला हवं, कोटेशन वाचून नाही.

मी शनिवारी सकाळी नऊपर्यंत साखळीला पोचते. आधी दामूबाबकडे गाडी वर उचलून तिच्याखालचा गंज आपण दोघं डोळ्यांनी बघू. मग आईला घेऊन डिचोलीला. बाबा, डायरी बरोबर घ्या, आणि आई, तू ती नेहमीची चप्पल घाल, नवी नको, म्हणजे उतरताना पाय नेमका कुठे टेकतो ते कळेल. संदेश बाळाला घेऊन मागून येईल. जेवायला आहोत, साधंच कर.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, फेब्रुवारीतलं वर्कशॉपचं बिल आणि त्या तेलाच्या पट्टीचा फोटो मी बरोबर आणते.