रंगपेटी रुग्णांच्या हाती द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेंच चित्रकार आन्री मातिस यांचे नाव निघाले की त्यांच्या प्रसन्न, झळझळीत रंगांचे कौतुक होते. त्या रंगांची सुरुवात आजारपणात झाली, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. धान्याच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलाच्या कचेरीत कारकुनी करीत होता. विशीच्या सुमारास अपेंडिक्सच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला आणि वेळ जावा म्हणून आईने त्याच्या हाती रंगपेटी दिली. रंगांनी पोटाचे दुखणे बरे होत नाही, हे उघड आहे. तथापि आपले आयुष्य कशासाठी आहे याचा उलगडा त्याला त्या अंथरुणावर झाला, आणि वडिलांची नाराजी पत्करून १८९१ मध्ये त्याने चित्रकला शिकण्यासाठी पॅरिस गाठले.

थकल्या शरीराला आरामखुर्ची देते तसा विसावा आपल्या कलेने मनाला द्यावा, असे मातिस यांनी १९०८ मध्ये लिहिले. या विधानावरून त्यांना सुखवस्तूंचे चित्रकार ठरवणे मला अन्यायाचे वाटते. १९४१ मध्ये कर्करोगामुळे पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचे हिंडणेफिरणे जवळजवळ संपले, तेव्हा अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत बसून ते रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे घडवू लागले. १९४४ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतील सहभागामुळे पकडल्या गेल्या. मुलीचा तर अमानुष छळ झाला. इतके सोसलेला माणूस विसाव्याविषयी बोलतो तेव्हा ते ऐकून घ्यायला हवे.

क्षयातून उठताना चित्रे काढणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी इतर रुग्णांनाही चित्रे काढायला लावून १९४० च्या दशकात कलोपचाराचा पाया घातला. आपल्याकडे मात्र शालेय चित्रकला इंटरमिजिएटची श्रेणी आणि दहावीचे वाढीव गुण यांभोवतीच फिरते, याचे एक निवृत्त कलाशिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटते. आरोग्य विभाग आणि कला संचालनालय यांनी मिळून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बालकक्षात कागद आणि रंग ठेवावेत, आठवड्यातून एकदा तरी कलाशिक्षक पाठवावा, आणि त्या चित्रांना श्रेणी देऊ नये की त्यांची स्पर्धा भरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा